प्लॅटिनमचा पृष्ठभाग कसा तयार व स्वच्छ करावा: काचसामानापासून पहिल्या विश्वासार्ह व्होल्टॅमोग्रामपर्यंत

इलेक्ट्रोड म्हणून वापरायची प्लॅटिनमची चकती चकचकीत होईपर्यंत घासली, तरी सल्फ्युरिक आम्लातील व्होल्टॅमोग्राम (विभव वर-खाली फिरवताना किती प्रवाह वाहतो याचा आलेख) बोथटच येतो, आणि मग ती चकती पुन्हा पॉलिशच्या कापडावर चढते. बहुतेकांची गाडी इथेच अडते. चमक म्हणजे स्वच्छता नव्हे, आणि बऱ्याचदा घाण चकतीवर नसून ज्या भांड्यात ती बुडवली जाते त्या भांड्यात असते.

यामागचे गणित साधे आहे. ३ मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या चकतीचे खरे क्षेत्रफळ, खडबडीतपणा धरून, साधारण ०.१४ चौरस सेंटिमीटर भरते आणि त्यावरील प्लॅटिनमच्या अणूंची संख्या जेमतेम ०.३ नॅनोमोल असते. सेलमध्ये, म्हणजे मोजमापाच्या भांड्यात, १०० मिलिलिटर द्रावण असेल, तर एखादे सेंद्रिय अशुद्ध द्रव्य ३ नॅनोमोलर एवढ्या नगण्य प्रमाणात असले तरी ते संपूर्ण पृष्ठभाग झाकू शकते. म्हणून खालील टप्पे चकतीपासून सुरू होत नाहीत. चकतीची पाळी चौथ्या टप्प्यावर येते, आणि हा क्रम उलटा करू नये.

या लेखातील सर्व विभव आरएचई म्हणजे प्रत्यावर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत दिलेले आहेत. आपला संदर्भ इलेक्ट्रोड वेगळा असल्यास आधी रूपांतर करून घ्यावे. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमधील सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडवर पोटेन्शिओस्टॅटमध्ये (विभव नियंत्रित करणाऱ्या यंत्रात) १.२ व्होल्ट ही वरची मर्यादा टाकली, तर ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात ती आरएचईवर सुमारे १.४३ व्होल्ट होते. आकडा तोच दिसतो, पण पृष्ठभागावर होणारे काम अगदी निराळे असते.

## टप्पा १: काचसामान

सेल, बीकर, मोजपात्रे, वायू सोडण्याची नळी आणि टेफ्लॉनचे सर्व भाग एकत्र धुवावेत. एक भाग जरी वगळला तरी बाकीची मेहनत वाया जाते, आणि वगळला जाणारा भाग बहुधा सेलचे झाकण किंवा वायूची नळी हाच असतो.

१. साबणाच्या द्रावणाने वरवरचा ओशटपणा काढून भरपूर पाण्याने विसळावे. ब्रशने आतून जोरात घासू नये, कारण काचेवरच्या चऱ्यांत पुढे घाण अडकून राहते.

२. पोटॅशियम परमँगनेटचे आम्लीय द्रावण करावे: ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण १ ग्रॅम परमँगनेट. सर्व वस्तू त्यात पूर्ण बुडतील अशा रीतीने रात्रभर ठेवाव्यात.

३. दुसऱ्या दिवशी द्रावण काढून घ्यावे आणि वस्तू पाण्याने विसळाव्यात. काचेवर मँगनीज डायऑक्साइडचे तपकिरी डाग राहतात. ते घालवण्यासाठी पाण्यात थोडे सल्फ्युरिक आम्ल आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून त्या सौम्य द्रावणाने सर्व पृष्ठभाग ओले करावेत. तपकिरी रंग बुडबुड्यांसह काही क्षणांत नाहीसा होतो.

४. अतिशुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा विसळावे. त्यानंतर सेलमध्ये अतिशुद्ध पाणी भरून उकळावे, ते ओतून द्यावे, ताजे भरावे आणि पुन्हा उकळावे. असे तीन ते पाच वेळा करावे. सल्फेट आणि मँगनीजचे शेवटचे अंश या उकळण्यानेच निघतात, त्यामुळे घाईच्या दिवशीही ही पायरी गाळू नये.

अतिशुद्ध पाणी म्हणजे ज्याची विशिष्ट रोधकता १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर आहे आणि ज्यातील एकूण सेंद्रिय कार्बन काही पीपीबीपेक्षा (अब्जात काही भागांपेक्षा) अधिक नाही असे पाणी. रोधकतेचा आकडा केवळ आयनांविषयी सांगतो. तेलकट सेंद्रिय द्रव्ये त्यात दिसतच नाहीत. म्हणून यंत्रावर सेंद्रिय कार्बनाचे वाचन असल्यास तेही पाहावे, सुरुवातीचे लिटरभर पाणी सोडून द्यावे आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवलेले पाणी वापरू नये.

सावधान. परमँगनेटच्या स्फटिकांवर संहत सल्फ्युरिक आम्ल कधीही ओतू नये. त्यातून स्फोटक संयुग तयार होते. आम्ल आधी पाण्यात विरल करावे आणि मगच परमँगनेट घालावे. संहत आम्ल आणि पेरॉक्साइडचे पिरान्हा द्रावण वापरण्याची वेळ आलीच, तर पेरॉक्साइड आम्लात हळूहळू घालावे, भांडे कधीही बंद करू नये आणि जवळपास अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलचा थेंबही नसावा.

तपासणी. धुतलेल्या काचेवरून पाणी अखंड पातळ पडद्यासारखे ओघळले पाहिजे. कुठेही थेंब सुटे राहिले, तर तिथे ओशटपणा आहे. टप्पा पहिल्यापासून करावा.

धुतलेले सामान सुकवू नये. ते अतिशुद्ध पाण्यात बुडवून झाकून ठेवावे आणि वापरण्यापूर्वी पुन्हा एकदा उकळून घ्यावे.

## टप्पा २: द्रावण आणि वायू

०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल किंवा ०.१ मोलर परक्लोरिक आम्ल ही दोन द्रावणे नेहमीची. दोन्हींसाठी उच्च शुद्धतेची प्रत घ्यावी आणि बाटलीवरील क्लोराइडचे प्रमाण वाचावे. पृष्ठभाग स्वच्छ आहे की नाही हे ठरवण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल अधिक सोयीचे, कारण त्यात हायड्रोजनची शिखरे (हायड्रोजन पृष्ठभागावर बसताना व सुटताना वाहणारे प्रवाह) अधिक ठसठशीत दिसतात. ऑक्सिजन क्षपणाच्या मोजमापासाठी मात्र परक्लोरिक आम्ल बरे, कारण त्यातील ऋण आयन प्लॅटिनमला फारसा चिकटत नाही. संहत परक्लोरिक आम्ल सेंद्रिय पदार्थांपासून आणि उष्णतेपासून दूर ठेवावे.

आरगॉन किंवा नायट्रोजन २० ते ३० मिनिटे द्रावणातून सोडावा आणि मोजमाप चालू असताना तो द्रावणाच्या वरून वाहता ठेवावा. वायूची जोडनळी टेफ्लॉनची असावी. सिलिकॉन रबराच्या नळीतून सिलॉक्सेनसारखी द्रव्ये सुटून सेलपर्यंत पोहोचतात, आणि अशा वेळी शोध मात्र चकतीवर घेतला जातो.

## टप्पा ३: संदर्भ आणि पूरक इलेक्ट्रोड

सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड थेट सेलमध्ये बुडवला, की त्याच्या सच्छिद्र टोकातून क्लोराइड झिरपते. क्लोराइड प्लॅटिनमवर घट्ट बसते, ऑक्साइड तयार होण्यास अडथळा करते आणि उच्च विभवाला प्लॅटिनम विरघळण्याचा वेग वाढवते. म्हणून शक्य असेल तिथे आरएचई वापरावा. सल्फ्युरिक आम्लासाठी मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेट इलेक्ट्रोडही चालतो. सिल्व्हर क्लोराइडचाच वापर अपरिहार्य असेल, तर तो दुहेरी जोडाच्या नळीत ठेवावा आणि बाहेरील कक्षातील द्रावण दररोज बदलावे.

पूरक इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण करणारा, प्लॅटिनमचा असल्यास तोही तितकाच स्वच्छ हवा. चाचणी प्लॅटिनमेतर उत्प्रेरकाची असेल, तर पूरक इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनम टाळावे: ते विरघळून कार्यकारी म्हणजे चाचणीच्या इलेक्ट्रोडवर बसते आणि भलताच पदार्थ सक्रिय असल्याचा भास होतो. अशा ठिकाणी ग्राफाइटची कांडी वापरावी.

## टप्पा ४: चकतीचे पॉलिशिंग

दररोज पॉलिश करण्याची गरज नसते, हे आधी स्पष्ट करतो. १० पट भिंगाखाली चरे दिसत असतील, पृष्ठभागावर उत्प्रेरकाचा थर चिकटलेला असेल, किंवा सहाव्या टप्प्यानंतरही व्होल्टॅमोग्राम सुधारत नसेल, तरच कापड हातात घ्यावे. माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ वाया जातो तो अनावश्यक पॉलिशिंगमध्ये.

१. १.०, ०.३ आणि ०.०५ मायक्रोमीटर कणांची अ‍ॅल्युमिना या क्रमाने वापरावी आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र कापड ठेवावे. मोठ्या कणांच्या कापडाचा एक कण बारीक कापडावर गेला, तरी नवे चरे उमटतात. चरे खोल नसतील तर ०.०५ मायक्रोमीटरची एकच पायरी पुरते.

२. अ‍ॅल्युमिना अतिशुद्ध पाण्यात कालवून पातळ खीर होईल इतपतच घट्ट ठेवावी. हिरा-पेस्ट वापरल्यास तिच्यातील तेलकट माध्यम आधी विद्रावकाने काढून टाकावे लागते, म्हणून गरज नसल्यास ती टाळावी.

३. इलेक्ट्रोड कापडावर अगदी उभा धरून हलक्या दाबाने इंग्रजी आठच्या आकाराच्या वळणाने दोन ते तीन मिनिटे फिरवावा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तो बोटांत पाव फेरी वळवावा. हात एकाच कोनात राहिला, की चकती एका बाजूने घासली जाते आणि तिच्या कडेला, ती ज्यात बसवलेली असते त्या प्लॅस्टिकच्या आवरणापासून, सूक्ष्म फट पडते. त्या फटीत शिरलेले द्रावण पुढे व्होल्टॅमोग्राम तिरपा करते आणि हा दोष कोणत्याही धुण्याने जात नाही.

४. प्रत्येक प्रतीनंतर वाहत्या अतिशुद्ध पाण्याखाली चकती धुवावी. अ‍ॅल्युमिना चकतीवर वाळू देऊ नये.

५. शेवटी इलेक्ट्रोड अतिशुद्ध पाण्याच्या बीकरमध्ये टांगून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये एक ते दोन मिनिटे ठेवावा, पाणी बदलावे आणि पुन्हा तसेच करावे. चकती बीकरच्या तळाला टेकता कामा नये; टेकली, तर कंपनांमुळे ती काचेवर घासते आणि मेहनतीने आणलेला पृष्ठभाग पुन्हा खरबरीत होतो. दहा-पंधरा मिनिटे ठेवल्याने अधिक स्वच्छता मिळत नाही, उलट आवरणाचा जोड सैल होतो.

सावधान. आवरणात बसवलेली चकती पिरान्हा द्रावणात बुडवू नये. संहत सल्फ्युरिक आम्ल आवरणाच्या पीक (PEEK) सारख्या प्लॅस्टिकला विरघळवते आणि आतील धातूच्या जोडापर्यंत पोहोचते. अम्लराज (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण) तर कोणत्याही स्वरूपातील प्लॅटिनमसाठी वापरू नये. त्याने घाण निघत नाही, प्लॅटिनमच विरघळते.

अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलने शेवटचे विसळणे हीदेखील एक रुळलेली चूक आहे. अल्कोहोल प्लॅटिनमवर विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइडसारखे अवशेष सोडते. विद्रावक वापरावा लागलाच, तर तो मधल्या पायरीत वापरावा आणि त्यानंतर पाण्याचा वापर उदारपणे करावा.

## टप्पा ५: तार, जाळी आणि पत्रा

ज्या प्लॅटिनमला प्लॅस्टिकचे आवरण नाही, त्यासाठी पॉलिशिंगऐवजी आम्ल आणि ज्योत ही जोडी वापरावी. पाण्यात निम्म्याने विरल केलेल्या गरम नायट्रिक आम्लात वस्तू काही मिनिटे ठेवावी. पण त्या आम्लात क्लोराइड नाही याची खात्री करावी. नंतर अतिशुद्ध पाण्याने विसळून ती निळ्या, धूररहित ज्योतीत नारिंगी रंगावर येईपर्यंत धरावी. सुरुवातीला ज्योत पिवळी पडली, तर पृष्ठभागावर सोडियमचे क्षार आहेत; ते बहुधा बोटांचे असतात. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत विसळणे आणि तापवणे आलटून पालटून करावे.

प्लॅटिनमचा द्रवणांक १७६८ अंश सेल्सिअस असल्यामुळे जाड पत्र्याला साध्या ज्योतीची भीती नसते, मात्र ज्योतीचा प्रकार महत्त्वाचा आहे. पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीत प्लॅटिनम कार्बन घेते आणि ठिसूळ होते. शिसे, कथील, अँटिमनी, आर्सेनिक किंवा फॉस्फरस यांच्या संगतीत ते तापवले, तर कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातू तयार होतात. लाल तापलेले प्लॅटिनम लोखंडी चिमट्याने धरू नये.

एकस्फटिकी पृष्ठभागांसाठी ज्योतीनंतरचे थंड करणे हाच निर्णायक भाग असतो. स्फटिक हायड्रोजन आणि आरगॉनच्या मिश्रणात थंड करून अतिशुद्ध पाण्याच्या थेंबाखाली झाकून सेलपर्यंत न्यावा. हवेत थंड केलेल्या स्फटिकावर ऑक्सिजनमुळे अणूंची सुव्यवस्थित रचना बिघडते, आणि नंतर कितीही विद्युतरासायनिक फेऱ्या मारल्या तरी ती परत येत नाही. उलट, ऑक्साइडच्या क्षेत्रात वारंवार गेल्याने ती आणखी ढासळते.

## टप्पा ६: विद्युतरासायनिक स्वच्छता

आता चकती, अजून ओली असतानाच, वायूमुक्त (ऑक्सिजन काढून टाकलेल्या) द्रावणात जाते.

१. बुडवल्यावर चकतीखाली बुडबुडा अडकलेला नाही हे पाहावे. अडकला असल्यास इलेक्ट्रोड तिरपा करून तो सोडवावा.

२. ०.०५ ते १.२ व्होल्टच्या दरम्यान सेकंदाला २०० ते ५०० मिलिव्होल्ट वेगाने सुमारे ५० फेऱ्या माराव्यात. वरच्या टोकाला तयार होणारा ऑक्साइडचा थर सेंद्रिय अवशेष जाळतो. खाली येताना तो थर क्षपित होऊन ताजे प्लॅटिनम उघडे पडते.

३. फरक पडत नसेल, तर काही मोजक्या फेऱ्यांसाठी वरची मर्यादा १.४ व्होल्टपर्यंत न्यावी. गंधकयुक्त अवशेषांसाठी याची गरज पडते. परंतु ही सवय करू नये: ऑक्साइड पुन्हा पुन्हा तयार करून क्षपित केल्याने प्लॅटिनम विरघळते आणि पृष्ठभाग अधिकाधिक खडबडीत होतो. मग हायड्रोजनच्या शिखरांचा विद्युतभार वाढत जातो आणि त्याला सुधारणा समजण्याची गफलत होते.

४. हे द्रावण ओतून द्यावे आणि ताजे, वायूमुक्त द्रावण भरावे. चकतीवरून निघालेली घाण आता द्रावणात आहे. तेच द्रावण पुढे वापरले, तर ती हळूहळू परत बसते.

५. ताज्या द्रावणात सेकंदाला ५० मिलिव्होल्ट वेगाने फेऱ्या माराव्यात आणि लागोपाठच्या फेऱ्या एकमेकींवर तंतोतंत बसू लागल्या, की नोंद घ्यावी.

शून्य व्होल्टच्या खाली जाऊ नये. तिथे हायड्रोजन वायू सुटतो, परतीच्या वाटेवर त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि शिखरांचे क्षेत्रफळ फुगते.

## टप्पा ७: व्होल्टॅमोग्राम वाचणे

स्वच्छ बहुस्फटिकी प्लॅटिनमच्या आलेखात सल्फ्युरिक आम्लात ०.०५ ते ०.४ व्होल्टदरम्यान हायड्रोजनची दोन स्पष्ट शिखरे असतात, साधारण ०.१२ आणि ०.२७ व्होल्टच्या आसपास. त्यांच्यामध्ये खोल दरी हवी. ०.४ ते ०.६ व्होल्टचा पट्टा सपाट आणि अरुंद असतो. ०.८ व्होल्टच्या सुमारास ऑक्साइड सुरू होतो आणि परतताना ०.७५ व्होल्टच्या जवळ त्याच्या क्षपणाचे एकच मोठे शिखर दिसते. हायड्रोजनची वरची आणि खालची बाजू एकमेकींच्या जवळजवळ प्रतिबिंबासारखी असावी.

आलेख बिघडला की बिघाडाचा आकारच कारण सांगतो. हायड्रोजनची शिखरे खुजी आणि पहिल्या फेरीत ०.६ व्होल्टच्या पुढे जादा ऑक्सिडीकरण, असे असेल तर सेंद्रिय घाण आहे. हायड्रोजनचा भार शाबूत, पण ऑक्साइडची सुरुवात पुढे सरकलेली, असे दिसल्यास क्लोराइडचा संशय घ्यावा आणि थेट संदर्भ इलेक्ट्रोडकडे जावे. संपूर्ण आलेख ऋण प्रवाहाकडे ढळलेला असेल, तर ऑक्सिजन आत येत आहे. सपाट पट्ट्यात ०.३ ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान एखादे चिमुकले शिखर असल्यास तांब्यासारख्या धातूचे अंश शोधावेत. आणि आलेख तिरपा असेल तर धुणे थांबवून आवरणाचा जोड व विद्युत संपर्क तपासावा.

तपासणी. घाण चकतीवरची की द्रावणातली, हे ओळखण्याची एक कसोटी आहे आणि तिचा वापर व्हायला हवा त्यापेक्षा फारच कमी होतो. चांगला आलेख मिळाल्यावर विभव ०.४ व्होल्टवर रोखून द्रावण ढवळत दहा मिनिटे थांबावे, मग ढवळणे बंद करून पुन्हा फेरी नोंदवावी. शिखरे जशीच्या तशी राहिली, तर द्रावण स्वच्छ आहे. ती खचली आणि पहिल्या फेरीत ऑक्साइडच्या भागात जादा प्रवाह दिसला, तर चकतीला हात न लावता टप्पा १ कडे परत जावे.

## टप्पा ८: खरे क्षेत्रफळ

हायड्रोजनच्या अधिशोषणाखालील (बसण्याच्या शिखरांखालील) किंवा त्याच्या विशोषणाखालील (सुटण्याच्या शिखरांखालील) क्षेत्र मोजावे, सपाट पट्ट्याच्या आधाराने द्विस्तराचा (पृष्ठभागालगत नुसते आयन साचल्याने वाहणाऱ्या प्रवाहाचा) भाग वजा करावा, मिळालेल्या आकड्याला फेरीच्या वेगाने भागावे आणि आलेला भार प्रति चौरस सेंटिमीटर २१० मायक्रोकूलम्ब या मूल्याने भागावा. उदाहरणार्थ, वजाबाकीनंतरचे क्षेत्र १.५ मायक्रोअँपिअर-व्होल्ट आणि वेग सेकंदाला ०.०५ व्होल्ट असल्यास भार ३० मायक्रोकूलम्ब येतो, म्हणजे क्षेत्रफळ ०.१४३ चौरस सेंटिमीटर. ३ मिलिमीटर चकतीचे भौमितिक क्षेत्र ०.०७१ चौरस सेंटिमीटर असल्याने खडबडीतपणा सुमारे २ झाला. पॉलिश केलेल्या चकतीसाठी हे योग्य आहे. उत्तर १ पेक्षा कमी आले, तर पृष्ठभाग झाकलेला आहे.

कार्बन मोनॉक्साइडच्या विशोषणाने हीच पडताळणी करता येते. तिथे ४२० मायक्रोकूलम्ब हे मूल्य धरतात. हा वायू विषारी व गंधहीन असल्याने धूम्रकपाट आणि वायुसूचक यंत्राशिवाय ही पायरी करू नये.

## भुकटीच्या स्वरूपातील उत्प्रेरक

कार्बनवर बसवलेल्या प्लॅटिनमला वरील पॉलिशिंग लागू नाही, पण पहिले तीन टप्पे जसेच्या तसे लागू आहेत. काचकार्बनची (काचेसारख्या कठीण कार्बनची) चकती ०.०५ मायक्रोमीटर अ‍ॅल्युमिनाने घासावी, तिच्यावर उत्प्रेरकाचा थर पातळ व एकसारखा वाळवावा आणि ०.०५ ते १.२ व्होल्टदरम्यान फेऱ्या मारून तो स्थिर करावा. इथे वरची मर्यादा ओलांडू नये, कारण आधाराचा कार्बनच झिजू लागतो. पॉलिव्हिनाइलपायरोलिडोनसारख्या आवरणद्रव्यांत बनवलेले नॅनोकण केवळ फेऱ्यांनी क्वचितच स्वच्छ होतात. ते आवरण चाचणीपूर्वीच धुऊन, अतिनील-ओझोनने किंवा हवेत सौम्य तापवून काढावे आणि तापवताना कण एकमेकांना चिकटून मोठे झाले नाहीत ना, हे पाहावे.

## दोन प्रयोगांच्या मध्ये

स्वच्छ प्लॅटिनम हवेत उघडे ठेवले, तर काही मिनिटांतच ते हवेतील सेंद्रिय वाफा घेऊ लागते. म्हणून चकती एका सेलमधून दुसऱ्यात नेताना तिच्यावर अतिशुद्ध पाण्याचा थेंब टिकवून ठेवावा. रात्रभरासाठी ती झाकलेल्या बीकरमध्ये अतिशुद्ध पाण्यात ठेवावी. टिश्यू कागदाने पुसू नये. सकाळी थेट कापडाकडे न जाता आधी टप्पा ६ मधील फेऱ्या माराव्यात आणि त्या दिवसाचा कोरा आलेख आदल्या दिवशीच्या आलेखावर ठेवून पाहावा. दोन्ही जुळत असतील तर मोजमाप सुरू करावे.